सोळा रस्त्यांची साक्ष

लातुरात पत्ता सांगायचा झाला तर तो गोलाईपासून सांगतात. गोलाईच्या अलीकडे, गोलाईच्या मागे, गोलाईतून सराफ लाइनला वळून. शहर चहूबाजूंनी कितीही पसरले तरी मोजमाप इथूनच सुरू होते. मधोमध जगदंबेचे देऊळ, १९१७ मध्ये उभी राहिलेली दुमजली वर्तुळाकार वास्तू आणि तिच्याकडे येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. सोने, कापड, चपला, मिरची, गूळ असा एकेका मालाचा एकेक रस्ता धरून बाजार बसला, आणि त्यातले बरेचसे आजही तसेच आहे. या जागेतून रोज हजारो माणसे जातात. पण सोळा रस्ते एकदा तरी मोजून पाहिलेला लातूरकर विरळाच. वास्तू उघड्यावर असूनही ती पाहिली जात नाही, कारण तिच्याकडे आपण कामासाठी जातो आणि काम झाले की निघतो. शहराचा इतिहास आणि वास्तुकला चालत चालत, माहितगाराच्या सोबतीने पाहण्याची जी पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे रुजली, ती ‘हेरिटेज वॉक’ किंवा वारसाफेरी नांदेड-लातूरसारख्या शहरांना काय देऊ शकते, हा प्रश्न इथून सुरू होतो.

या प्रश्नाचे सोपे उत्तर पर्यटनाच्या भाषेत दिले जाते. फेरी काढा, फलक लावा, पाहुणे येतील, चार पोरांना रोजगार मिळेल. हे उत्तर चुकीचे नाही, पण या दोन शहरांपुरते ते अपुरे आहे. ताजमहालाच्या किंवा वेरूळच्या तोडीची एकही वास्तू इथल्या शहरहद्दीत नाही, आणि नांदेडला येणाऱ्या यात्रेकरूचे लक्ष दर्शनावर असते. इथला इतिहास सुट्या वास्तूंपेक्षा रचनेत जास्त साठलेला आहे: बाजार कुठे बसला, रूळ कुठून आले, घाटाकडे वाट कशी उतरते, मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाते. रचना छायाचित्रात मावत नाही आणि गाडीतून कळत नाही. ती चालूनच कळते. म्हणून इथली फेरी ही मुख्यतः शहराने स्वतःची केलेली पाहणी असली पाहिजे. तिचा पहिला श्रोता गावचाच माणूस असावा आणि तिच्या शेवटी टाळ्यांबरोबर एक नोंदही मागे उरावी. असे झाले तर फेरीला अर्थ आहे. नाहीतर ती मोठ्या शहरांची नक्कल होऊन दोन हंगामांत थांबेल.

मोठ्या शहरांचा अनुभव या विधानाला आधार देतो. आपल्या देशातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अहमदाबादचे. तिथे नोव्हेंबर १९९७ मध्ये महानगरपालिकेनेच पुढाकार घेऊन जुन्या शहरातली फेरी सुरू केली. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, पोळींमधून जाणारी ही वाट. वाटेत लाकडी कोरीवकामाची घरे, पक्ष्यांना दाणे घालण्याचे चबुतरे, आणि एका ओट्यावर बसलेला कवी दलपतरामांचा पुतळा, जिथे त्यांचे घर होते तिथेच. या फेरीत एकही जगप्रसिद्ध वास्तू मुख्य नाही. मुख्य आहे ती पोळ, म्हणजे राहण्याची एक रीत. रोज सकाळी परके लोक आपल्या गल्लीकडे कौतुकाने पाहतात हे दिसल्यावर गल्लीतल्यांची नजर बदलते, हा या फेरीचा खरा परिणाम. २०१७ मध्ये अहमदाबादला युनेस्कोचे जागतिक वारसा शहर हे स्थान मिळाले. त्याचे सगळे श्रेय फेरीला देणे भाबडेपणाचे होईल; पण वीस वर्षे पालिका, वास्तुविशारद आणि रहिवासी एकाच वाटेवरून चालत राहिले नसते तर तो अर्ज कागदावरच राहिला असता, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईत क्रम थोडा उलटा होता. १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, इमारतींच्या श्रेणी ठरल्या, यादी झाली. आणि फोर्ट, काळा घोडा, मरीन ड्राइव्ह परिसरातल्या फेऱ्यांना त्या यादीचा कणा मिळाला. पुण्यात शनिवारवाडा ते विश्रामबागवाडा या पट्ट्यात फेऱ्या फिरतात, त्यांना पेशवाईच्या दफ्तराचा आणि शंभर वर्षांच्या इतिहाससंशोधनाचा आधार आहे. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, इथे इतिहासप्रेमी मंडळींनी दरवाजे, नहर, पाणचक्की आणि मकबरा यांच्या फेऱ्या चालवल्या. मलिक अंबरची पाणीव्यवस्था हा त्यांतला सर्वांत समृद्ध विषय. चारही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. फेरीच्या पाठीशी कुठलीतरी लेखी सामग्री होती: यादी, दफ्तर, सर्वेक्षण, ग्रंथ. नांदेड आणि लातूरला हा पाया तयार मिळत नाही. जे आहे ते ताम्रपट-शिलालेखांच्या वाचनांत, गॅझेटियरमध्ये आणि मुख्यतः लोकांच्या तोंडी विखुरलेले आहे. म्हणजे इतरत्र नोंदीतून फेरी निघाली. इथे फेरीतून नोंद निघावी लागेल.

हे काम आपल्या भाषेला परके नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळातच महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’ रचली. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, बसले, राहिले, त्या गावांची, देवळांची, दारांच्या दिशांची ती नोंद. हेतू श्रद्धेचा होता, पण पद्धत पाहणीची होती: गावाच्या कुठल्या अंगाला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, जवळ कोणते झाड, कोणती विहीर. सातशे वर्षांपूर्वी जे टिपले गेले त्याच्या आधारावर आज मध्ययुगीन गोदाकाठच्या वस्त्यांची रचना अभ्यासता येते. तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या वह्या, ग्रामप्रदक्षिणेच्या ठरलेल्या वाटा, दिंडीचे मुक्काम, ही सगळी चालण्यातून जपलेली माहितीच आहे. ‘हेरिटेज वॉक’ हा शब्द बाहेरून आला म्हणून ती कल्पनाही उसनी, असे समजण्याचे कारण नाही. उलट, पाहुण्याला पाच ठिकाणे दाखवून मोकळे होणारी फेरी ही या परंपरेची उतरती कळा ठरेल.

आता नांदेडकडे वळू. शहराच्या नावाविषयी लोकांत नंदीतटाची कथा आहे. विद्वानांच्या हाती त्याहून भक्कम दुवा आहे: वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात ‘नांदीकड’ या विभागाचा उल्लेख येतो, आणि वा. वि. मिराशी यांनी त्याची सांगड नांदेडशी घातली. म्हणजे वस्तीचे नाव दीड हजार वर्षांहून जुने. पण त्या काळातले दगड शहरात शोधत बसलात तर हाती फारसे लागणार नाही. हाती लागतात ती नावे. इतवारा म्हणजे रविवारचा बाजार. वजिराबादमध्ये वजीर आहे. ब्रह्मपुरीत एका जातीची वस्ती. जुना मोंढा आणि नवा मोंढा ही जोडी तर धान्यबाजार कुठून कुठे सरकला याचा उघड पुरावा. या नावांवरून चालत गेले की निजामी शहराची बैठक समजते: नदीच्या बाजूला जुनी वस्ती, उत्तरेला १९०० च्या सुमारास आलेली मीटरगेज रेल्वे, आणि दोहोंच्या मध्ये बाजार, कचेऱ्या, आता बंद पडलेली उस्मानशाही कापड गिरणी. या सगळ्याला जोडणारा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पायांना मात्र उतार जाणवतो. तो उतार गोदावरीकडे जातो.

नदीकाठी शहराची ओळख बदलते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला आणि गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिबची आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या आर्थिक पाठबळाने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. त्याच सुमारास निजामाचे दिवाण चंदुलाल यांच्यामार्फत पंजाबातून शीख फौज हैदराबाद संस्थानात आली. ‘लाहोरी फौज’ म्हणून ती ओळखली जाई. या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते, ही केवळ एका धर्माची वास्तू नाही. लाहोर आणि हैदराबाद या दोन दरबारांच्या व्यवहाराची ती खूण आहे. दख्खनी शीख घरांतली मराठी आणि दख्खनी बोली हा त्याच इतिहासाचा बोलका भाग. शहरात नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, माळटेकडी, संगत साहिब असे गुरुद्वारे विखुरलेले आहेत. बंदा घाटाशी जोडलेली आठवण माधोदास बैराग्याची, जो पुढे बंदासिंग बहादूर झाला. दसऱ्याला आणि होळीला निघणारा हल्लाबोल, दिवाळीत गोदावरीचे पाणी घागरींनी आणून होणारे तख्तस्नान, हे या शहराचे जिवंत नकाशे आहेत. घागर घेऊन घाटावरून तख्ताकडे जाणारा माणूस जी वाट चालतो, तीच नांदेडची सर्वांत जुनी आणि अजून वापरात असलेली वारसावाट म्हणायला हवी.

त्याच नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेला नंदगिरी किल्ला मात्र फेरीच्या दृष्टीने अधिक अवघड, म्हणूनच अधिक बोलका आहे. किल्ल्यात पाणीपुरवठ्याची टाकी आणि बाग आहे. कुणाला हा वारशाचा अवमान वाटेल. थोडे थांबून पाहिले तर त्यात सलगता दिसते. उंचवटा आणि नदीची सोबत या ज्या कारणांनी किल्ला इथे बांधला गेला, त्याच कारणांनी जलकुंभही इथे आला. चांगल्या माहितगाराने इथे हळहळ व्यक्त करू नये. तट दाखवावा, पात्र दाखवावे, टाकी दाखवावी आणि तिन्हींची गरज एकच कशी होती ते सांगावे. याच शहरात सतराव्या शतकात वामन पंडित झाले, याच शहरात १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले आणि नरहर कुरुंदकरांनी तिथे शिकवले. यांच्या नावाची भव्य स्मारके नसली तरी चालतील. गल्ली आणि वर्गखोली कोणती, एवढे नेमके सांगता आले तर शहराच्या बौद्धिक परंपरेला पत्ता मिळतो.

२००८ हा नांदेडच्या रचनेतला शेवटचा मोठा थर. गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीसाठी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला, रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले, गुरुद्वाऱ्याभोवतीची दाट वस्ती हटून मोकळे प्रांगण तयार झाले. लाखो भाविकांची सोय झाली, यात वाद नाही. पण तिथली गल्लीबोळांची वीण कशी होती, कोणती घरे, कोणत्या विहिरी, कोणती दुकाने होती, हे आज त्या पिढीच्या स्मरणातच आहे. ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. फेरी म्हणजे नोंद, हा आग्रह का धरायचा त्याचे हे उत्तर. पाडापाडीच्या आधी कुणी नोंदवही घेऊन त्या भागातून चालले असते, तर विकास थांबला नसता. फक्त विस्मरण थांबले असते.

लातूरची गोष्ट निराळ्या अंगाने पुढे जाते. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ या नगराचे स्वामी म्हणवत. अमोघवर्षाच्या शिलालेखांत हे बिरुद आहे, आणि ते नगर म्हणजे लातूर असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेटला होती आणि त्यांचे कैलास लेणे वेरूळला. मूळ गावाला राहिले ते नाव. पापविनाशक मंदिरातला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला, तिसऱ्या सोमेश्वराचा शिलालेख आणि सिद्धेश्वर-रत्नेश्वराचे देऊळ हे मध्ययुगाचे हाताला लागणारे पुरावे. ‘रत्नापूर’ हे माहात्म्यातले नाव वेगळे, शिलालेखातले ‘लट्टलूर’ वेगळे. फेरीत दोन्ही सांगावीत, पण एकाच दमात नव्हे. कथा कुठली आणि कोरलेले अक्षर कुठले, हा भेद सामान्य श्रोत्याला समजत नाही असे मानणे हा श्रोत्याचा अपमान आहे.

आजचे लातूर मात्र राजांनी घडवले नाही, ते आडतीने आणि रुळांनी घडवले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अडीच फुटी नॅरोगेज, हलके डबे, पण माल भरपूर. सहाच वर्षांनी गोलाई उभी राहिली. या दोन तारखा योगायोगाने जवळ आल्या असे मानणे कठीण आहे. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्यांनी येणारी तूर, करडई, गूळ एका ठिकाणी जमवून रुळांवर चढवायची, तर चहूकडून येणाऱ्या रस्त्यांना एकच मध्य हवा. वर्तुळ हे त्या गरजेचे भूमितीतले उत्तर. पंजाबातल्या लायलपूरला, आजच्या फैसलाबादला, घंटाघराभोवती आठ बाजार असेच आखले गेले. तिथे कालव्यांनी पिकवलेले धान्य होते, इथे काळ्या जमिनीतले. दिल्लीचे कॅनॉट प्लेस तर १९३३ मध्ये पूर्ण झाले. लातूरची गोलाई त्याहून सोळा वर्षांनी जुनी, आणि इथे सत्तेचे केंद्र नव्हते, घामाचे होते. ही तुलना लातूरकराला फुशारकीसाठी सांगायची नाही. नियोजित शहर म्हणजे चंदीगड, ही जी समजूत शाळेपासून होते, ती मोडण्यासाठी सांगायची.

त्या रुळांचा पुढचा अध्याय सगळ्यांच्या आठवणीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली; पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट म्हणजे जुन्या बार्शी लाइटचीच वाट. मधल्या काळात ब्रॉडगेज झाले, काही तुकड्यांत मार्ग बदलला, एवढेच. ज्या रुळांवरून या मुलखाने शंभर वर्षे माल बाहेर पाठवला, त्यांवरून त्याला पिण्याचे पाणी आणावे लागले. जुन्या स्टेशनाच्या जागेपासून गोलाईपर्यंतची फेरी ही म्हणूनच लातूरची सर्वांत सशक्त फेरी होईल. तीत एकही पुराणवास्तू नसली तरी बाजार, वाहतूक, पीक आणि पाणी यांचा शतकभराचा हिशेब त्या अंतरात मांडता येतो.

दुसरा अध्याय भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे मेली. मारेकरी ठरली ती घरेच: दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र माणसांवर कोसळल्या. त्यानंतर बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, रुंद रस्त्यांची, सुट्या घरांची. दगडी घराची भीती सगळ्या मराठवाड्यात बसली आणि ती रास्त होती. पण तिच्यामुळे एक अख्खी वास्तुभाषा तीस वर्षांत ओसरली: ढेळज, ओसरी, चौक, भिंतीतले धान्याचे बळद, जमिनीतले पेव, खणांवर मोजलेल्या खोल्या. औसा, निलंगा, उदगीरच्या जुन्या पेठांत हे वाडे अजून थोडेफार उभे आहेत, बरेचसे कुलूपबंद. वारसाफेरीने त्यांच्याकडे नुसत्या कौतुकाने पाहणे हे मेलेल्यांशी अप्रामाणिक होईल. माळवद उन्हाळ्यात घर गार कसे ठेवते आणि तेच भूकंपात जीव का घेते, हे एकाच भिंतीसमोर उभे राहून सांगता आले पाहिजे. सांगाडा कुठे तगला, सांधे कुठे सैल होते, भिंतीला आरपार दगड होते का, हे दाखवले तर तीच फेरी उद्याच्या गवंड्याच्याही उपयोगाची होईल.

शहरांच्या बाहेर मग मोठी स्थळे आहेतच: राष्ट्रकूटांशी नाते सांगणारा कंधारचा भुईकोट आणि त्याचा खंदक, देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, खरोसाची लेणी, औशाचा किल्ला, आणि १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेल्या विजयाशी जोडलेले उदगीर. यांना जाणकार पाहुणा येतोच आणि पुरातत्त्व खात्याचा फलकही असतो. इथे त्यांच्यावर थांबण्याची गरज नाही, कारण प्रश्न त्यांचा नाही. ज्यांच्यावर फलक नाही त्या रचनांचा आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: या शहरांत पाहण्यासारखे आहे काय? वर जे आले ते त्याचे उत्तर. पाहण्यासारखे म्हणजे देखणे, अशी व्याख्या केली तर उत्तर थोडक्यात आटोपते. पाहण्यासारखे म्हणजे समजून घेण्याजोगे, असे म्हटले तर एका मोंढ्याला सकाळ पुरत नाही. अर्थात हे प्रत्येक गल्लीला लागू नाही. जिथे सांगण्यासारखे नाही तिथून फेरी मुकाट्याने पुढे गेली पाहिजे. ओढूनताणून ‘ऐतिहासिक’ ठरवलेल्या जागा ऐकणाऱ्याचा विश्वास घालवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निजामी राजवट, रझाकार, मुक्तिसंग्राम, मंदिर, मशीद, गुरुद्वारा, दर्गा. या सगळ्यांतून चालणारी फेरी कुणाच्या तरी जखमेवर पाय देणारच, मग ही उठाठेव कशाला? मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ ची आठवण कडवट आणि अभिमानाची अशी दोन्ही आहे. मुक्तिसंग्रामातली उमरीची बँक लूट नांदेड जिल्ह्यातलीच. हा इतिहास टाळून फेरी काढता येणार नाही, आणि त्यात केवळ एक बाजू भरूनही काढता येणार नाही. यावर चालण्याची पद्धतच उपाय देते: जिथे उभे आहोत तिथे जे दिसते त्याच्यावर बोलायचे. गोलाईचा आराखडा एका मुसलमान नगररचनाकाराचा, मधले देऊळ जगदंबेचे, राजवट निजामाची, माल कुणब्याचा, आडत बहुतांशी मारवाडी-लिंगायतांची. हे वाक्य कुणाची बाजू घेत नाही आणि काही लपवतही नाही. भाषणात इतिहास ताणता येतो. समोर इमारत असली की ती बोलणाऱ्याला आवरते. जुलमाची जागा असेल तर तेही तिथेच सांगावे, पुराव्यासह. वाद होतील, पण ते वस्तूसमोर उभे राहून झालेले वाद असतील.

तिसरा आक्षेप वर्गाचा. ही सगळी सुखवस्तूंची रविवार सकाळ. हमालाला, फेरीवाल्याला त्यातून काय? शिवाय कौतुक वाढले की जागा महाग होतात आणि गरीबच आधी हलवले जातात. मोठ्या शहरांत हे घडले आहे, म्हणून आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण लातूर-नांदेडच्या बाजारांना आज धोका आहे तो कौतुकाचा नाही, दुर्लक्षाचा आहे. आणि फेरी कोणी सांगायची हे ठरवले की बरेच काही बदलते. जेन जेकब्झ या नगरअभ्यासिकेच्या स्मरणार्थ २००७ पासून टोरोंटोत सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या फेऱ्यांची रीत अशी की त्या फुकट असतात आणि रहिवासीच आपला भाग दाखवतात. आपल्याकडे मापाड्याने मापे दाखवावीत, हमालाने पोत्याची थप्पी कशी लागते ते सांगावे, सराफाने पेढीची जुनी तिजोरी उघडावी, सेवादाराने घागरीची वाट चालवावी. प्राध्यापकाने सोबत असावे, तारीख चुकली तर सुधारावी. सांगण्याचा मान ज्याचा, वारसा त्याचा, एवढे साधे सूत्र आहे. त्यासाठी भाषाही मराठी, दख्खनी, गरज पडली तर पंजाबी हवी.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: चालून इमारती वाचतात का? नाही वाचत. राज्याचा १९६० चा आणि केंद्राचा १९५८ चा कायदा ठरावीक स्मारकांना संरक्षण देतो. बाजार, पेठ, गल्ली त्यात सहजी बसत नाही. तिथे उपयोगाची ठरते ती विकास नियंत्रण नियमावलीखाली महापालिकेने करायची वारसायादी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही वारसावास्तूंची दखल आहे. पण यादी करणार कोण, कशाच्या आधारावर? मुंबईसारखी वास्तुविशारदांची फौज इथे नाही. इथे आहेत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची महाविद्यालये, इतिहासाचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे. फेरीने गोळा केलेली नोंद हीच त्या यादीचा कच्चा मसुदा ठरू शकते. फेरी इमारत वाचवत नाही. पण ज्या इमारतीची नोंद नाही ती वाचवण्याची मागणीसुद्धा करता येत नाही.

म्हणून स्वरूप साधे असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण पुढे मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि चालणे शिक्षा होते. दोन किलोमीटरहून कमी अंतर, आठ-दहा थांबे. एकच वाट दोन वेळा चालावी: सकाळी सातला, शटर खाली असताना, तेव्हा वरचा मजला, कमानी, खांब दिसतात, आणि अकराला, बाजार भरल्यावर, तेव्हा त्या कमानींचा उपयोग दिसतो. प्रत्येक थांब्याची एक पानाची नोंद: काय आहे, कुणी सांगितले, पुरावा कोरीव, कागदी की तोंडी, आजची स्थिती आणि एक छायाचित्र. दर वर्षी तीच वाट, तीच पाने, नव्या तारखेसह. दहा वर्षांनी त्या दहा पानांत शहर कसे बदलले ते कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसेल. पाहुणे आले तर आनंदच. नाही आले तरी काम थांबत नाही. आणि पहिल्या वर्षी यातले काहीच जमले नाही, तर लातूरच्या पहिल्या फेरीने निदान एवढे करावे: गोलाईच्या मध्यावर उभे राहून सोळा रस्ते मोजावेत, त्यांची चालू नावे लिहावीत, आज तिथे काय विकले जाते आणि जुन्या माणसांच्या आठवणीत काय विकले जाई ते शेजारी लिहावे. एका सकाळचे काम आहे.